धूर दिसला की विस्तव शोधा

“माझं कोलेस्टेरॉल तर नॉर्मल होतं की गं!”

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका हॉस्पिटलात अँजिओप्लास्टी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या वन्सं माझ्याशी बोलल्या त्या हे वाक्य. आवाजात दुखण्यापेक्षा फसवलं गेल्याची भावनाच जास्त होती.

वन्सं शिरूरच्या. वय ५४. अंगाने सडपातळ. घरात तेलकट-तुपकट बेताचंच, संकष्टीपासून एकादशीपर्यंत सगळे उपास कडक. आदल्या वर्षी गावातल्या शिबिरात रक्त तपासलं होतं, तेव्हा कोलेस्टेरॉल मर्यादेत होतं. तो कागद देवघराच्या कपाटात जपून ठेवला होता, जणू काही सर्टिफिकेटच! मग चार महिने जिना चढताना धाप लागली, पाठीत दोन खांद्यांच्या मध्ये दुखलं, जबडा आखडला, तरी घरातलं कुणी घाबरलं नाही. “पित्त असेल, थंड दूध घे.” “पाळी गेली की असं होतंच.” “दगदग कमी कर जरा.” डॉक्टरांनीही ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. आणि एका पहाटे घामाने भिजून त्या मोरीपाशी खाली बसल्या.

मैत्रिणींनो, आज मला बोलायचंय ते त्या ‘नॉर्मल’ शब्दाबद्दल.

आपल्या डोक्यात हार्ट अटॅकचं एक चित्र पक्कं बसलंय. बोअरच्या पाण्याने नळात क्षार साचतात, तशी रक्तवाहिनीत चरबी साचते आणि एक दिवस रक्त बंद! चित्र चूक नाही, पण अर्धंच आहे. चरबी वाहिनीच्या भिंतीत शिरते, तिथे शरीर तिला परकं समजून लढायला पेशी पाठवतं. जखम चिघळावी तशी भिंत आतून सुजत राहते, वर्षानुवर्षं, अजिबात न दुखता. मग कधीतरी त्या सुजेवरचं पातळ आवरण फाटतं आणि तिथे रक्त गोठतं, दुधाला विरजण लागावं तसं. बहुतेक अटॅक येतो तो या गुठळीने. म्हणजे चरबी, सूज आणि गुठळी अशा तिघी मिळून हा खेळ करतात, आणि आपण रिपोर्टमध्ये एकीचंच नाव वाचतो.

बाकीच्या दोघींचाही माग रक्तात लागतो. सीआरपी नावाचं प्रथिन शरीरात कुठेही सूज आली की यकृत तयार करतं. त्याचा शोध १९३० मधला, न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात लागलेला. फायब्रिनोजेन हे दुसरं प्रथिन. गुठळीचे धागे याच्यापासून विणले जातात, आणि सूज असली की तेही वाढतं. कोविडच्या २०२०-२१ च्या काळात ‘सीआरपी किती, डी-डायमर किती’ हे आपण फोनवरून एकमेकींना विचारत होतो, आठवतंय ना? हृदयासाठी मात्र सीआरपीची जास्त बारीक मोजणी करावी लागते. तिला एचएस-सीआरपी म्हणतात. १ च्या खाली असेल तर धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त, असा ढोबळ हिशेब आहे.

आता हे केवळ पुस्तकी आहे का? अमेरिकेत ‘विमेन्स हेल्थ स्टडी’ नावाचा मोठा अभ्यास झाला. जवळपास २८ हजार निरोगी बायकांचं रक्त एकदा घेतलं आणि पुढे ३० वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २०२४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सीआरपी सर्वांत जास्त असलेल्या गटाला हृदयविकार-पक्षाघाताचा धोका सर्वांत कमी असलेल्या गटापेक्षा सुमारे ७० टक्क्यांनी जास्त होता. वाईट कोलेस्टेरॉलच्या बाबतीत हाच फरक होता ३६ टक्के! त्या बायका बहुतेक गोऱ्या, त्यांचं खाणंपिणं वेगळं. ते आकडे जसेच्या तसे आपल्याला चिकटवता येणार नाहीत. पण सूज हा दुय्यम मुद्दा नाही, एवढं तरी त्यावरून कळतं.

आणि आपल्याकडचं म्हणाल, तर या विषयातलं मोलाचं काम पुण्यातच झालंय, रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलात. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी शहरी आणि ग्रामीण भारतीयांच्या रक्ताची तुलना केली. १९९९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. सूज वाढवणारी रसायनं शहरातल्या माणसांच्या रक्तात जास्त, खेड्यातल्यांच्या रक्तात कमी आढळली. म्हणजे गाव सुटलं, बैठी नोकरी आली, पोट आलं आणि रक्तात धग पेटली.

पुढे २००४ मध्ये या दोघांनी ‘लॅन्सेट’ या नामांकित नियतकालिकात चक्क स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी? युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! दिसायला सारखेच बारीक, आतून मात्र वेगळे. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून याज्ञिकांच्या चमूने गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. तरीही आपल्या बाळांच्या अंगावर स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने टिकून. पोटाभोवतीची ही चरबी नुसती पडून राहत नाही, ती सूज वाढवणारी रसायनं रक्तात सोडत राहते. आता सांगा, ‘मी तर बारीक आहे, मला काय धाड भरलीय’ हे वाक्य आपण किती वेळा म्हणतो?

वन्संना मी हे सगळं सांगत होते, तेव्हा त्यांनी एकच विचारलं, “यात बायका किती होत्या?”

प्रश्न अगदी वर्मावर होता. पुणे परिसरातल्या ४४१ जणांचा एक गाजलेला अभ्यास २००६ मध्ये आला. त्यात ६७ टक्के लोकांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं आणि ५८ टक्के लोकांमध्ये होमोसिस्टीन वाढलेलं होतं. रक्तवाहिन्यांना आणि गोठण्याला बाधक मानला जाणारा हा आणखी एक घटक. शहरी मध्यमवर्गात तर बी-१२ ची कमतरता ८१ टक्के! हे ४४१ जण सगळे पुरुष होते. गरोदरपणाच्या अभ्यासात बाई असते, कारण तिच्या पोटात बाळ असतं. पण पन्नाशीतल्या बाईच्या काळजाचं काय, हा प्रश्न शास्त्रातही मागच्या बाकावर आणि घरातही. नवऱ्याच्या छातीत जरा कळ आली की रात्री अकराला रिक्षा बोलावून ईसीजी काढतो आपण. स्वतःच्या वेळी ओवा-सैंधव!

मग सगळ्या तपासण्या करून घ्यायच्या का? इथेच माझं मत जरा वेगळं आहे. ८ मार्च आला की गल्लोगल्ली ‘महिलांसाठी खास हृदय पॅकेज’चे बोर्ड लागतात. सीआरपी, होमोसिस्टीन, फायब्रिनोजेन, डी-डायमर, सगळं एकाच नळीभर रक्तात. हातात येतो आठ पानी रिपोर्ट, चार ठिकाणी ठळक अक्षरं, आणि समजावून सांगायला कुणी नाही. सीआरपी म्हणजे धूर आहे, विस्तव नव्हे. सर्दी-खोकला, दाढेचा गळू, लघवीचा जंतुसंसर्ग, सांधेदुखी, कशानेही तो वाढतो. १० च्या वर गेला तर आधी संसर्ग शोधायचा आणि बरं वाटल्यावर पुन्हा तपासायचं. डी-डायमर तर गुठळीची शंका असेल तेव्हाच करायची तपासणी आहे, हौसेने करायची नव्हे. होमोसिस्टीनचंही तसंच. जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी ते उतरतं, पण त्यामुळे हार्ट अटॅक कमी झाले असं २००६ मधल्या मोठ्या चाचण्यांत दिसलं नाही. बी-१२ कमी असेल तर ते जरूर भरून काढा, नसांसाठी आणि रक्तासाठी. पण त्यालाच हृदयाचं कवच समजू नका.

याचा अर्थ तपासण्या निरुपयोगी असं मुळीच नाही. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल सीमारेषेवर आहे, घराण्यात कमी वयात अटॅक आलेला आहे, औषध सुरू करावं की नाही अशी डॉक्टरांनाही शंका आहे, अशा वेळी एचएस-सीआरपी उपयोगी पडते. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर ती सर्वांसाठीच करावी असं सुचवलंय. शंभर टक्के मान्य. फक्त ती पॅकेजवाल्याच्या सांगण्यावरून नको, डॉक्टरांच्या समोर बसून करा, आणि आकडा हातात आल्यावर पुढचा प्रश्न विचारा, “ही सूज येतेय कुठून?”

वन्संच्या बाबतीत आम्ही तो प्रश्न नंतर विचारला. उत्तरं घरातच होती. हॉस्पिटलात “तंबाखू खाता का?” असं विचारलं तेव्हा त्या ठामपणे “नाही” म्हणाल्या होत्या. पण मिश्री? “ती काय तंबाखू आहे का? ती दातांसाठी!” अहो, भाजलेला तंबाखूच तो. तीस वर्षं दिवसातून दोनदा. हिरड्यांतून रक्त यायचं, त्यावर उपाय म्हणून आणखी मिश्री. हिरड्यांची जुनाट सूज असलेल्यांच्या रक्तात सीआरपी वाढलेलं आढळतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. लग्नानंतर कितीतरी वर्षं चुलीचा धूर होताच. धाकट्याच्या वेळी गरोदरपणात बीपी वाढून सातव्या महिन्यात दवाखान्यात राहावं लागलं होतं. ते तर त्या विसरूनच गेल्या होत्या. गरोदरपणात बीपी किंवा शुगर वाढलेल्या बाईला पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका जास्त असतो. ही माहिती बाळंतपणाच्या फाइलीत राहते आणि फाइल माळ्यावर!

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. शिवणाच्या मशीनच्या खणातली टेप काढा आणि बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या वर असेल, तर वजनकाटा काहीही म्हणो, सावध व्हा. तिशी ओलांडली असेल तर बीपी आणि शुगर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासून मिळते, तिथे जा. मिश्री सोडा. दात दुखेपर्यंत वाट न बघता दाखवा. आणि डॉक्टरांसमोर बसलात की गरोदरपणातलं बीपी-शुगर, पाळी कधी गेली, संधिवात आहे का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, सगळं आपणहून सांगा. त्यात सणावाराला, लग्नकार्याला पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्याही आल्या. पूर्वी कधी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल, तर मैत्रिणीने दिली म्हणून ती गोळी घेणं म्हणजे जिवाशी खेळ.

आणि धाप, घाम, पाठ-जबडा-छातीत दाब असं काही वेगळंच जाणवलं, तर पित्तावर ढकलू नका. १०८ ला फोन करा. “ईसीजी काढा,” असं स्पष्ट म्हणा. त्यात लाजायचं काय?

वन्संनी मिश्रीची डबी टाकून दिली त्याला आता आठ महिने झाले. परवा फोनवर म्हणाल्या, “शेजारच्या सूनबाईला सांगितलं मी, बाळंतपणाची फाइल माळ्यावरून काढून ठेव म्हणून. ती हसली.”

“मग?”

“मग काय, स्टूल घेऊन मीच चढायला निघाले. तेव्हा काढली मुकाट्यानं!”