चढत नाही, याचं कसलं कौतुक?

"पोरानं पहिला घोट आपल्यासमोर घ्यावा, चोरून घेण्यापेक्षा ते बरं," असं म्हणणारे बाप हल्ली बरेच भेटतात. थर्टी फर्स्टला ते सोळा वर्षांच्या मुलाच्या ग्लासात स्वतः बिअर ओततात. मुलगा तीन ग्लास रिचवूनही सरळ चालला की चारचौघांत सांगतात, "आमच्याला चढत नाही!"

खरी काळजी इथंच करायला हवी. पौगंडावस्थेतल्या उंदरांवरच्या प्रयोगांत वारंवार दिसलं आहे, की दारूनं येणारी गुंगी आणि जाणारा तोल त्यांना प्रौढ उंदरांपेक्षा कमी जाणवतो. स्मरणावर मात्र तीच दारू जास्त आघात करते. (मुलांना प्रयोगासाठी दारू पाजता येत नाही, म्हणून उंदीर. घरी पाजणाऱ्यांना ही अडचण दिसत नाही.) मोठ्या माणसाचं अंगच तिसऱ्या पेगला 'आता पुरे' म्हणतं. पोराचं अंग तितक्या लवकर म्हणत नाही, म्हणून तो भरतच राहतो. सारासार विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, त्यामुळे तिथूनही फारसा अटकाव होत नाही. 'काल रात्रीचं काहीच आठवत नाही' हा हॉस्टेलवर हशा पिकवणारा किस्सा असतो. पण तो सांगणारा मुलगा तेव्हा बेशुद्ध नव्हता. बोलत होता, कदाचित बाइकही चालवत होता. फक्त मेंदूत नोंद होत नव्हती.

मग फ्रान्सचा दाखला येतो: तिथं मुलं जेवणाबरोबर वाइन पितात, काय बिघडलं? त्याच फ्रान्सनं 2009 मध्ये बिअर-वाइन विकत घेण्याचं वय 16 वरून 18 केलं.

अमेरिकेतल्या 1997 च्या एका मोठ्या अभ्यासात, पंधराव्या वर्षाआधी प्यायला लागलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के लोक आयुष्यात कधीतरी दारूच्या आहारी गेलेले आढळले. विशीत किंवा नंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे 10 टक्के होतं. लवकर पिणारी मुलं मुळातच उतावीळ असतील, हा आक्षेप रास्त आहे. पण मग अशा उतावीळ मुलाला बापानंच लवकर पाजावी, हे त्यातून कसं निघतं?

दुसऱ्या टोकाला 'कायदा कडक करा' म्हणणारे आहेत. महाराष्ट्रात कडक दारूसाठी 25 वर्षांची अट आहेच. वाइन शॉपच्या खिडकीत वय विचारताना कुणी पाहिलंय?

आइसलँडनं काय केलं ते बघा. 1998 मध्ये तिथली पंधरा-सोळा वर्षांची सुमारे 42 टक्के मुलं गेल्या महिन्यात झिंगल्याचं सांगत होती. 2016 मध्ये 5 टक्के. तिथं खेळ-संगीताच्या क्लबांना सरकारी पैसा मिळाला, मुलांनी रात्री बाहेर राहण्यावर वेळेचं बंधन आलं, आणि आईबाप शनिवार-रविवारी स्वतः वस्तीत फेऱ्या मारू लागले. आपल्याकडे मैदानं लग्नाच्या मंडपांना भाड्यानं जातात, ती महापालिकेकडून सोडवून घेता येतील. फेऱ्यांसाठी मात्र बापांना शनिवारची बैठक मोडावी लागेल, आणि घरच्या घोटाचा पुरोगामी युक्तिवाद बहुतेकदा त्या बैठकीतूनच उठतो.