विसावा दोघांचाही
वाराणसीतील दुर्गाघाट, ब्रह्माघाट परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. मे-जूनमध्ये तेथे पारा ४० अंशांपलीकडे जातो. दुपारी ‘लू’ हा उष्ण वारा वाहतो. अशा दिवसांत गार पन्हे, बनारसी लंगडा आंबा आणि संध्याकाळी गंगेकाठची झुळूक ही साधी सुखे संसारात गोडवा आणतात. परंतु पती घाटावर वारा घेत असता पत्नी स्वयंपाकघरात घामाघूम होत असेल, तर ते सुख अर्धेच होय. पन्ह्यासाठी कैऱ्या दोघांनी उकडाव्यात, भांडी दोघांनी आवरावीत. म्हणजे वाचन, गायन अशा छंदांना दोघांनाही वेळ मिळेल. कामे वाटून घेतली, तरच विसावाही दोघांच्या वाट्याला येतो, असे मला वाटते.