ठिगळ कोठें लावूं नये

जुनी वस्तु टाकून न देतां ती दुरुस्त करून वापरावी, असें आमच्या घरीं लहानपणापासून शिकविलें गेलें. छत्रीची मोडलेली काडी, चपलेचा तुटलेला अंगठा, पितळेच्या भांड्याची कल्हई, फाटक्या धोतरास घातलेला दंड, ह्या गोष्टींत कमीपणा नसून गृहस्थाश्रमाची शोभाच आहे, असें आम्ही मानीत आलों व अजूनहि मानितों. तथापि ठिगळ कोठें लावावें आणि कोठें लावूं नये, हा विवेक साठी उलटल्यावर आम्हांस एका मोटारीनें शिकविला. तो प्रसंग वाचकांपुढें ठेवीत आहों.

आम्ही मुलुंडास राहतों. चिरंजीवांनीं २००८ सालीं घेतलेली गाडी, ते पुण्यास बिऱ्हाड करून गेल्यापासून, आमच्याकडे आहे. २०२३ सालीं तिला १५ वर्षें पूर्ण झालीं, तेव्हां तपासणी करवून व पर्यावरण कर भरून वडाळ्याच्या परिवहन कार्यालयांतून आम्हीं तिची नोंदणी पुढील ५ वर्षांसाठीं वाढवून आणिली. नोंदणी वाढली म्हणजे गाडी निरोगी, अशी आमची भाबडी समजूत. गेल्या वैशाखांत गाडीखालच्या फरशीवर तांबूस तेलाचे थेंब दिसूं लागले. सकाळीं स्टीअरिंग वळवितांना कण्हल्यासारखा आवाज येई. आम्हीं टाकींत तेल भरलें. आठ दिवसांनीं पुन्हां भरलें.

हें तेल कसलें, तें येथें सांगितलें पाहिजे. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून जी पद्मिनी गाडी निघे, तिचीं चाकें वळविण्याचें सारें बळ चालकाच्या दंडांतून यावें लागे. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती मुंबईच्या टॅक्सींतून निवृत्त झाली. चालकाचे हे कष्ट हलके व्हावे म्हणून फ्रान्सिस डेव्हिस ह्या अमेरिकन अभियंत्यानें १९२६ सालीं तेलाच्या दाबावर चालणारी योजना मोटारीवर बसवून दाखविली. विक्रीच्या मोटारींत ती १९५१ सालीं क्रायस्लर कंपनीनें प्रथम आणिली. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेल दाबून पुढें धाडतो, आपण ज्या बाजूस वळूं त्या बाजूस एक झडप तो दाब लावते, आणि काम झालेलें तेल दुसऱ्या नळीनें टाकींत परत येतें. शरीरांत जशा रोहिणी आणि नीला, तशाच ह्या दोन नळ्या. परतीच्या नळींत दाब अगदीं थोडा. परंतु दाबाच्या नळींत, चाक शेवटपर्यंत वळविलें असतां, चौरस इंचास १००० पौंडांहून अधिक दाब होऊं शकतो. मोटारीच्या टायरांत तो ३० पौंडांच्या आसपास असतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे अंतर कळतें.

भांडुपास लाल बहादूर शास्त्री मार्गावर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें गॅरेज आहे. शाळेंत असतां हा मुलगा संस्कृतांत फार कच्चा. "देव" शब्द चालवितांना तृतीयेवरून एकदम षष्ठीवर उडी मारी. त्यानें टॉर्च लावून पाहिलें आणि सांगितलें, "सर, प्रेशरचा पाईप गेलाय. रिटर्नचा असता तर क्लॅम्प मारून दिला असता. हा बदलावाच लागेल."

खरें सांगावयाचें तर आमच्या मनांत आलें कीं, ज्याला देव शब्द चालवितां आला नाहीं, तो आम्हांस काय शिकविणार! नवी नळी गळ्यांत मारून चार पैसे मिळविण्याचाहि बेत असेल. आम्ही तेथून निघालों आणि दुसऱ्या एका ठिकाणीं चिरलेला भाग कापवून, मध्यें साध्या रबरी नळीचा तुकडा घालून, दोन क्लॅम्पांनीं आवळून घेतला. आपल्या ह्या काटकसरीचें वर्णन घरीं येऊन आम्हीं कुटुंबास दोन वेळां ऐकविलें.

आठ दिवस थेंब पडला नाहीं. नवव्या दिवशीं कुटुंब आणि नातू ह्यांस घेऊन गोरेगांव-मुलुंड जोडरस्त्यानें येत असतां आम्ही डावीकडे वळूं लागलों, तोंच बोनेटखालीं फट्कन आवाज झाला, चाक एकाएकीं दगडासारखें जड झालें आणि फटींतून धूर येऊं लागला. तेल तापलेल्या एक्झॉस्टवर उडालें होतें. तें पेटूंहि शकतें, हें आम्हांस मागाहून कळलें. वळण अर्धेंच झालें होतें आणि समोर केळ्यांची हातगाडी होती. अशा वेळीं चाकाचा सांधा तुटलेला नसतो, गाडी वळते. पण मुळांत बिनमदतीच्या गाडीहूनहि जास्त जोर लागतो. दोन्ही हातांनीं सारें बळ लावून आम्हीं चाक ओढलें व ब्रेक दाबला. हातगाडी वीतभर राहिली. इंजिन बंद करून सर्वांस खालीं उतरविलें. कुटुंबानें नातवास पोटाशीं धरलें आणि एवढेंच विचारलें, "किती पैसे वांचले?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

गाडी ओढून भांडुपास नेली. विद्यार्थी टोचून एक शब्दहि बोलला नाहीं. उलट, इंजिन लागलींच बंद केलेंत म्हणून पंप वांचला, असें म्हणाला. कारण त्याच तेलानें पंपास वंगण मिळतें. मग त्यानें नळीची रचना समजावून दिली. आंत रबर, त्यावर विणलेलें मजबूत सूत, वर पुन्हां रबर, आणि दोन्ही टोकांस यंत्रानें आवळलेलीं धातूचीं टोपणें. उष्णतेनें आणि तेलानें रबर कडक होऊन चिरतें. वरची साल बरी दिसली तरी आंतला थर गेलेला असूं शकतो. स्क्रूच्या क्लॅम्पास तो दाब पेलत नाहीं. कुर्ल्याच्या सी. एस. टी. रोडवर जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात, तेथून वापरलेली नळी आणूं काय, असें आम्हीं विचारलें. (संवय जातां जात नाहीं!) तो म्हणाला, "सर, गाडी उभी असली तरी रबराचं वय वाढतंच." तेव्हां नवीच आणविली.

काम आमच्या डोळ्यांदेखत झालें. इंजिन पूर्ण थंड होऊं दिलें. पुढची बाजू जॅकनें उचलून भक्कम घोड्यांवर टेकविली. केवळ जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं कधींहि जाऊं नये. खालीं परात ठेवून टाकींतलें तेल पिचकारीनें काढलें. साध्या पान्यानें नटाचे कोपरे झिजतात, म्हणून नटास चोहोंकडून धरणारा पाना वापरला. नव्या नळीबरोबर वॉशरहि नवे घातले. जुनी नळी ज्या वाटेनें गेली होती त्याच वाटेनें, त्याच क्लिपांतून, पीळ न पडूं देतां व एक्झॉस्टपासून दूर ठेवून नवी बसविली. आट्या प्रथम बोटांनींच फिरविल्या. तेल मात्र गाडीच्या पुस्तकांत सांगितलेलेंच भरलें; ब्रेकचें तेल येथें चुकूनहि घालूं नये. नंतर चाकें अधांतरीं असतांना, इंजिन बंद ठेवून, स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश पुष्कळ वेळां फिरविलें आणि अडकलेली हवा काढली. मग इंजिन सुरू करून टाकींतला फेस थांबेपर्यंत तेंच केलें.

आम्ही गळती पाहण्यासाठीं हात पुढें केला, तेव्हां त्यानें तो धरला. चालू इंजिनांत बारीक चिरींतून निघालेली तेलाची धार कातडी भेदून आंत शिरते आणि मग शस्त्रक्रियेवांचून गत्यंतर राहत नाहीं. पाहणें तर पुठ्ठा धरून पाहावें.

"त्या दिवशीं तुझें ऐकलें नाहीं, तें आमचें चुकलें," असें आम्ही म्हणालों. तो गाडीखालूनच बोलला, "सर, टॉर्च जरा डावीकडे धरा." आम्हीं धरली. पस्तीस वर्षें मुलांस बाकावर उभें करण्यांत गेलीं. त्या दुपारीं दोन तास आम्ही उभे होतों आणि पुष्कळ शिकलों.

वाचकहो, आपल्या घरीं जुनी गाडी असेल तर आज रात्रीं तिच्या पुढच्या भागाखालीं एक वर्तमानपत्र पसरून ठेवावें. सकाळीं त्यावर तेलकट डाग दिसला तर तेल भरून दिवस ढकलूं नयेत. गाडी जाणत्याकडे न्यावी. परतीच्या नळीस तो क्लॅम्प लावील तर लावूं द्यावा. दाबाची नळी बदला म्हणाला, तर त्याचे शाळेंतले गुण आठवूं नयेत.