आठ तासांचा महामार्ग आणि शेवटचे चोवीस किलोमीटर

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा हा रस्ता भिवंडी तालुक्यात संपतो. नागपूर ते मुंबई आठ तासांत, असे सांगितले गेले. पण वडप्याला जुन्या नाशिक महामार्गावर येऊन ठाण्याकडे वळलेला प्रवासी मानकोली नाक्यावर खोळंबला, तर त्या आठ तासांना अर्थ काय? रस्त्यांचे आराखडे करण्यात माझी उभी नोकरी गेली. त्यामुळे हा प्रश्न मला केवळ वाहतूक पोलिसांचा वाटत नाही.

यंत्रमागांचे गाव ही भिवंडीची ओळख आता अपुरी आहे. मुंबईत जकात होती तेव्हा माल हद्दीबाहेर ठेवणे व्यापाऱ्यांच्या सोयीचे होते. ती सोय काल्हेर, राहनाळ, पूर्णा, दापोडे या गावांनी पुरवली. १ जुलै २०१७ रोजी जकात गेली आणि वस्तू व सेवा कर आला. आता गोदामे ओस पडायला हवी होती, घडले उलटेच. प्रत्येक राज्यात वेगळे गोदाम ठेवण्याची गरज कमी झाली, कंपन्या मोठ्या गोदामांकडे वळल्या आणि मुंबईलगतच्या भिवंडीचे महत्त्व आणखी वाढले.

आराखडा करताना आम्ही आधी वाहने मोजतो, पुढील वर्षांची वाढ गृहीत धरतो आणि मग खडी-डांबराच्या थरांची जाडी ठरवतो. त्यातही मोटारी, स्कूटर फारशा मोजण्यातच येत नाहीत. रस्ता झिजवतो तो ट्रक. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या प्रसिद्ध चाचणीतून दिसले, की आसावरचा भार दुप्पट झाला, तर रस्त्याची हानी दुप्पट नव्हे, सुमारे सोळापट होते. आपल्याकडे २०१८ साली एका आसावरील भाराची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. वाढ जेमतेम तेरा टक्क्यांची. पण त्याच हिशेबाने हानी साठ टक्क्यांनी वाढते! वर कोकणचा पाऊस. गटार तुंबले, पाणी थरांत मुरले, की खड्डा ठरलेलाच. मग आपण दोष एकट्या डांबराला देतो.

माजिवडा ते वडपे हा सुमारे चोवीस किलोमीटरचा पट्टा आठपदरी करण्याचे काम हाती घेतले गेले, ते आवश्यकच होते. परंतु रुंदी हा अर्धाच उपाय. गोदाम काही महिन्यांत उभे राहते. रस्त्याला भूसंपादनापासून पुलापर्यंत वर्षे लागतात. म्हणून गोदामाला परवानगी देतानाच रोज किती ट्रक येणार, ते कुठे थांबणार आणि महामार्गाला कोठून मिळणार, हे विचारले गेले पाहिजे. ट्रकतळ गोदामाच्या आवारात नसेल, तर तो रस्त्यावरच होतो, आणि आठातल्या दोन मार्गिका आपोआप गिळल्या जातात.

रस्त्याचे आयुष्य अभियंत्याच्या कागदावर ठरते, हे अर्धसत्य आहे. उरलेले अर्धे आयुष्य शेजारच्या जमिनीवर आपण काय उभे राहू देतो, यावर ठरते.