व्यायामाला तास मिळत नसेल, तर मिनिटे शोधा



शाळेत मुलांच्या अभ्यासाबद्दल विचारायला येणाऱ्या पालकांत कचेरीत बसून काम करणारे आता बरेच असतात. कुणी तहसील कचेरीत कारकून, कुणी बँकेत, कुणी विम्याच्या ऑफिसात, तर कुणी दिवसभर कॉम्प्युटरवर बिले करणारी बहीण. मुलाच्या खेळाचा विषय निघाला की बोलणे त्यांच्या स्वतःच्या तब्येतीवर येते. ‘मॅडम, डॉक्टर चालायला सांगतात, पण वेळ कुठून आणू?’ हे वाक्य इतक्या जणांकडून ऐकले आहे की या महिन्याचा लेख त्याच प्रश्नासाठी ठेवला.

तक्रार खोटी नाही. राज्य सरकारच्या कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला आणि कामाची वेळ सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा ठरली. हे झाले साडेआठ तास. त्यात एसटीचा किंवा लोकलचा प्रवास धरा, बाजारहाट धरा, मुलांचा अभ्यास आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे औषधपाणी धरा. अशा माणसाला ‘पहाटे उठून तासभर फिरून ये’ असे सांगणे सोपे आहे. चार दिवस तो जातोही. पाचव्या दिवशी घरी पाहुणे येतात आणि बूट जे पलंगाखाली जातात, ते तिथेच राहतात.

म्हणून सांगते, तास शोधूच नका. दिवसभराच्या बसण्याचे तुकडे करा आणि त्या तुकड्यांत पाच-दहा मिनिटांची हालचाल घाला. हे जमवायला जिमची गरज नाही, पण घरच्यांची साथ मात्र लागते. त्याबद्दल पुढे बोलूच.

बसून राहण्याने काय होते?

लंडनमध्ये डॉक्टर जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहराच्या वाहतूक सेवेतील ३५ ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे ३१ हजार पुरुष कामगारांच्या हृदयविकाराचा अभ्यास केला. तो १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तिथल्या बस दुमजली होत्या. ड्रायव्हर दिवसभर बसून असायचा आणि कंडक्टर तिकिटे फाडत जिना चढ-उतार करायचा. रोजच्या पाचशे-सहाशे पायऱ्या त्याला चुकत नसत. खाते तेच, शहर तेच, पण कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी होत होता आणि झालाच तर उशिरा. टपाल खात्यातही तेच दिसले. पत्रे वाटत फिरणारा पोस्टमन टेबलाशी बसणाऱ्या कारकुनापेक्षा सुरक्षित होता.

पुढे शंका निघाली की ड्रायव्हर मुळातच जाड असतील. तेव्हा त्यांच्या गणवेशाच्या कमरेची मापे तपासली. ड्रायव्हरांची मापे खरोखरच मोठी निघाली. तरीही सारख्या मापाच्या ड्रायव्हर-कंडक्टरांची तुलना केली, तेव्हा कंडक्टरच सरस ठरला. मुंबईत जुन्या डबलडेकरमध्ये ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना तो जिना आठवत असेल. त्या कंडक्टरांनी व्यायाम असा वेगळा केला नव्हता. त्यांच्या कामातच तो होता. आपल्या कामातून तो निघून गेला आहे, एवढाच फरक.

शरीरात काय घडते तेही समजून घ्या. आपण जेवलो की रक्तात साखर चढते. ती साखर सर्वात जास्त वापरतात ते स्नायू आणि त्यातही मांड्यांचे व पायांचे मोठे स्नायू. आपण बसून राहिलो की हे स्नायू जवळजवळ झोपलेले असतात, त्यामुळे साखर रक्तात जास्त वेळ रेंगाळते. तसेच पोटऱ्यांचे स्नायू आखडले-सैलावले की पायातले रक्त वर ढकलले जाते. तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवले तर संध्याकाळी चपलेचा पट्टा घट्ट वाटतो, तो त्यामुळेच.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०२३ मध्ये आला. त्याप्रमाणे देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपल्या गल्लीतली घरे डोळ्यांसमोर आणा, साखरेची गोळी नसलेले घर सापडायला वेळ लागेल. चाळिशीत कमावता माणूस आजारी पडला तर मुलांच्या फीपासून घरभाड्यापर्यंत सगळे हलते. म्हणून हा केवळ वजनाचा किंवा दिसण्याचा विषय नाही.

किती पुरेसे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले माप असे आहे: आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम जोराची हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम. मध्यम जोर म्हणजे काय? चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, असा वेग. रमतगमत, मोबाईल बघत चालणे त्यात येत नाही.

पूर्वी अशी अट होती की एका वेळी निदान दहा मिनिटे सलग चालले तरच ते हिशेबात धरायचे. २०२० मध्ये ती अट काढून टाकली. तीन मिनिटांचा जिनासुद्धा आता जमेत धरला जातो. आपल्यासारख्या नोकरदारांसाठी यापेक्षा चांगली बातमी नाही.

रोज दहा हजार पावले झालीच पाहिजेत, असे अनेक जण धरून बसतात आणि होत नाहीत म्हणून सगळेच सोडून देतात. हा आकडा आला तो १९६५ मध्ये जपानमधल्या एका कंपनीने काढलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून. त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचे यंत्र’ असा होता. आकडा वाईट नाही, पण त्याखाली सगळे फुकट असेही नाही. आज तीन हजार होत असतील तर चार हजार करा.

कचेरीच्या दिवसात बसवायचे कसे?

जाता-येता: बस किंवा रिक्षा ठिकाणाच्या एक थांबा आधी सोडा. भरभर चालले तर एक किलोमीटरला दहा-बारा मिनिटे लागतात. जाता-येता मिळून वीस मिनिटे झाली. मोटारसायकल असेल तर ती दारात न लावता थोडी लांब लावा. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यापर्यंत लिफ्ट विसरून जा.

टेबलावर: दर पाऊण तासाने दोन मिनिटे उठा. साडेआठ तासांत असे दहा वेळा तरी होते, म्हणजे बसण्याची साखळी दहा ठिकाणी तुटली. पाण्याची मोठी बाटली टेबलावर ठेवण्यापेक्षा छोटा ग्लास ठेवा, म्हणजे भरायला उठावेच लागते. फोन आला की उभे राहून बोला. शेजारच्या विभागात फाईल द्यायची असेल तर शिपाईमामांना हाक मारू नका, स्वतः नेऊन द्या. वर सांगितलेल्या पोस्टमन आणि कारकुनाच्या गोष्टीत आपल्याला कुठे उभे राहायचे आहे ते आपणच ठरवायचे. शिपाईमामांचेही वय झालेले असते, तेवढीच त्यांना उसंत.

जेवणाच्या सुट्टीत: डबा खाऊन झाला की खुर्चीला टेकू नका. दहा मिनिटे चाला. जेवणानंतरच्या तास-दीड तासात साखर सर्वात वर चढते आणि नेमके त्याच वेळी चालल्याने ती आवरली जाते. जोहरच्या नमाजसाठी मशीद जवळ असेल तर पायी जा, पायी या. नमाज ही इबादत आहे, तिला व्यायामाच्या हिशेबात मोजू नये. पण मशिदीपर्यंतची चाल मोजायला हरकत नाही, आणि दुपारी खुर्ची सोडण्याचे निमित्त तर आपल्याला रोज मिळतेच.

रात्री: जेवणानंतर लगेच टीव्हीसमोर किंवा अंथरुणावर नको. गल्लीत पंधरा मिनिटे मुलांना घेऊन चाला. दावत असेल, बिर्याणी-कोर्मा असेल, त्या रात्री तर जरूर. पाढे, कविता, दिवसभरातल्या गोष्टी चालता चालता होतात. मोबाईल बाजूला ठेवून बाप आपल्याबरोबर चालतो, हे मुलांना फार आवडते.

या सगळ्याची बेरीज करा: प्रवासाची वीस, दुपारची दहा, रात्रीची पंधरा. एका दिवसात पंचेचाळीस मिनिटे. रोज सगळे जमणार नाही, निम्मे-अर्धे जमले तरी आठवड्याचे माप पुरे होण्याच्या जवळ येते.

दोन दिवस बळासाठी

आपल्या आजोबांच्या तालमीत जोर-बैठका होत्या. त्याच आपण वयाला झेपेल अशा करू. खुर्चीच्या कडेवर बसा, हात छातीशी दुमडा आणि हातांचा आधार न घेता दहा वेळा उठा-बसा. भिंतीपासून हातभर लांब उभे राहून तळवे भिंतीवर टेका आणि दहा जोर काढा. खुर्चीची पाठ धरून वीस वेळा टाचा उचला. हे सगळे पुन्हा एकदा करा. दहा मिनिटांत संपते, कपडे बदलावे लागत नाहीत. चाके असलेली खुर्ची मात्र यासाठी वापरू नका, ती सरकते.

बहिणींच्या वाट्याचा वेळ

आता घरच्यांच्या साथीबद्दल. नोकरी करणारा भाऊ संध्याकाळी घरी येतो आणि फिरायला निघतो, तेव्हा त्याचे कौतुक होते. नोकरी करणारी बहीण घरी येते आणि ओट्याशी उभी राहते. तिने फिरायला जाते म्हटले तर ‘मग पोळ्या कोण करणार?’ असा प्रश्न येतो. ‘बायकांना घरकामातच व्यायाम होतो’ हेही ऐकायला मिळते. झाडू-पोछा, विहिरीचे किंवा नळाचे पाणी भरणे, यात मेहनत आहेच. पण दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून मग दोन तास ओट्याशी एकाच जागी उभे राहणे, याने पाय दुखतात. दम लागेल अशी चाल त्यातून होत नाही.

तेव्हा तिचे पंधरा-वीस मिनिटे घरातल्या कुणीतरी सांभाळायला हवीत. शोहरने भाजी चिरावी, मोठ्या मुलाने ताटे मांडावीत आणि भांडी उचलावीत. सासूबाईंनी स्वतःहून ‘जा बेटी, फिरून ये’ एवढे म्हटले तरी अर्धे काम होते. आणि घरी आल्यावर खुर्चीत बसून ‘पाणी आण’ म्हणण्यापेक्षा माठापर्यंत उठून गेले, तर दोघांचाही फायदा आहे.

रस्त्यावर एकटीने चालणे अवघड वाटत असेल तर दोघी-तिघी शेजारणी मिळून निघा. इमारतीची गच्चीही चालते. बुरखा असो वा साडी, पायात सपाट, मागून पट्टा असलेली चप्पल किंवा बूट हवेत. घसरणाऱ्या चपला घालून भरभर चालता येत नाही.

सांभाळून

साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, रक्तदाब असेल, हृदयाचा त्रास झालेला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. गुडघे दुखत असतील तर पायऱ्यांऐवजी सपाट जागेवर चाला. रमजानमध्ये रोजा असताना उन्हात घाम गाळू नका. इफ्तारनंतरची चाल आणि तरावीहला पायी जाणे पुरे.

चालताना छाती जड झाली, दुखणे डाव्या हातात किंवा जबड्यात गेले, दरदरून घाम आला, तर जागीच थांबा. ‘गॅस असेल’ म्हणून सोडा पिऊन झोपू नका. १०८ ला फोन करा आणि दवाखाना गाठा.

या महिन्याचा गृहपाठ

शिक्षिका आहे, गृहपाठ दिल्याशिवाय कशी जाईन? फ्रीजवर किंवा भिंतीवर एक कागद लावा. त्यावर घरातल्या प्रत्येकाचे नाव लिहा, सासूबाईंचे आणि सुनेचेही. ज्या दिवशी ज्याची पंधरा मिनिटे झाली, त्याच्यापुढे खूण. खुणा करायचे काम घरातल्या सर्वात लहान मुलाकडे द्या, ते कुणालाही सूट देणार नाही. महिनाअखेरीस कागद बघा. एखाद्या नावापुढे खुणा कमी दिसल्या तर त्या माणसाला रागावण्याआधी घरात विचारा की त्याचा किंवा तिचा वेळ कशात जातो आणि त्यातले काय आपण उचलू शकतो.

अल्लाह आपणा सर्वांना सेहत देवो.