किल्ली फिरेना

दाजींच्या गाडीची डिकी मे महिन्यातल्या एका गुरुवारी सकाळी उघडेनाशी झाली. आत हापूसच्या दोन पेट्या होत्या. या लेखात जी काही घाई आहे ती त्या पेट्यांची. रिकामी डिकी अडली असती तर दाजींनी तिला दिवाळीपर्यंत वेळ दिला असता.

आधी गाडीबद्दल. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर दाजींनी २००१ सालची एक जर्मन गाडी घेतली. सेकंडहँड म्हणायची सोय नाही, कारण त्यांच्याआधी तिचे चार मालक होऊन गेले होते. नवी होती तेव्हा जिच्या किमतीत कोथरूडमध्ये फ्लॅट आला असता, ती गाडी दाजींना आजच्या एखाद्या छोट्या गाडीच्या निम्म्या किमतीत पडली. कंपनीचं नाव लिहीत नाही. इतकं वय झालेल्या वस्तूची चारचौघांत तक्रार करणं बरं दिसत नाही. पंधरा वर्षं उलटलेल्या खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी नव्याने करायचं, वर पर्यावरण कर भरायचा, हे सगळं दाजी श्रावणातल्या उपासांसारखं निगुतीने करतात. ताई गाडीला सवत म्हणत नाही, सासूबाई म्हणते. "त्यांचं सगळं आधी बघायचं, मग आपलं."

बुधवारी दोघं रत्नागिरीहून निघाले, कुंभार्ली घाट चढून कराडवरून पुण्यात पोचायला रात्रीचा एक वाजला. पेट्या सकाळी काढू म्हणाले आणि झोपले. सकाळी रिमोट दाबला, गाडी गप्प. दिवे नाहीत, कट् नाही, काही नाही. ड्रायव्हरच्या दाराला किल्ली लागली, कुरकुरत का होईना. आतलं बॉनेटचं हँडल ओढलं, बॉनेट उघडलं, आणि दाजी, मी, वॉचमन असे तिघं आत डोकावलो. बॅटरी नव्हती.

"चोरली," वॉचमन म्हणाला.

चोरली नव्हती. ती डिकीत होती. अशा गाड्यांचं इंजिन जड, ते पुढे. मग पुढच्या-मागच्या चाकांवर वजन सारखं यावं म्हणून पंधरा-वीस किलोंची बॅटरी मागे नेऊन ठेवतात. इंजिनाच्या उष्णतेपासूनही ती लांब राहते. विचार उत्तम आहे. फक्त बॅटरी बसली की डिकीचं विजेवर चालणारं कुलूप बसतं, आणि डिकी उघडल्याशिवाय बॅटरीला हात लागत नाही. हे लक्षात आल्यावर दाजी काही वेळ गाडीकडे बघत राहिले. खात्यात असताना अशा फायली त्यांनी बऱ्याच पाहिल्या असणार.

पण जर्मन माणूस इतका बेसावध नसतो. नंबरप्लेटच्या वर, चटकन दिसणार नाही असं, एक किल्लीचं भोक होतं. दाजींनी किल्ली घातली. ती अर्धी गेली आणि थांबली. दाबल्यावर आणखी जवभर गेली. फिरवायला गेलं तर कुलूप जागचं हलेना, किल्लीच पीळ खायला लागली. मी दाजींचा हात धरला. ही किल्ली साधी नव्हे. तिच्या मुठीत इंजिनाला ओळख पटवणारी चिप असते. ती मोडली असती तर डिकी बंद राहिली असती ती राहिलीच असती, गाडीही सुरू झाली नसती.

तोवर सोसायटी जमली होती. पुण्यात बंद पडलेल्या गाडीभोवती जमणाऱ्यांत निदान तीन इंजिनिअर असतात आणि ते तिघंही आयटीतले असतात. एकाने डब्ल्यूडी-४० चा डबा आणला आणि फवारता फवारता त्याचा इतिहास सांगितला: १९५३ साली सॅन डिएगोतल्या एका छोट्या कंपनीने क्षेपणास्त्रांच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून हे रसायन केलं, पाणी हटवणं हे त्याचं मूळ काम, आणि चाळिसाव्या खेपेला ते जमलं म्हणून नावात चाळीस. माहिती खरी होती. कुलपाने अर्धा डबा पिऊन टाकला, नंबरप्लेटवर काळी लाळ गाळली आणि ते होतं तिथेच राहिलं. दुसऱ्याने झाकण खाली दाबून धरून किल्ली फिरवायला सांगितली. हा सल्ला चांगला आहे, आकड्यावर ताण असेल तर दाबल्याने तो सुटतो. आमचा ताण आकड्यावर नव्हता. तिसऱ्याने खोबरेल तेल सुचवलं. त्याचं आम्ही ऐकलं नाही. खोबरेल थंडीत गोठतं आणि एरवी धूळ धरून बसतं.

दुपारी पुलाखालचे चावीवाले सरदारजी आले. टॉर्च दातांत धरून त्यांनी बारीक तार भोकात घातली, डोळे मिटले, आणि तार इतकी हळू फिरवली की कान कोरतायत असं वाटावं. मग तार काढून सदऱ्याला पुसली.

"साहेब, हे बिघडलेलं नाही. याच्यात वीस वर्षांत किल्लीच गेलेली नाही."

खरं होतं. पाचही मालकांनी रिमोट दाबला होता किंवा ड्रायव्हरच्या पायाशी असलेलं बटण. त्या भोकाशी कोणाचं कामच पडलं नव्हतं. हायवेची धूळ, पावसाचं पाणी, धुतानाचा साबण एवढंच त्याच्या वाट्याला आलं. सरदारजींनी जोर लावायला सरळ नकार दिला. "तुटलं तर तुम्ही मला बोलणार, बोलायलाच पाहिजे." आल्याचे शंभर घेतले आणि गेले. कामाला नाही म्हणणारा कारागीर मला नेहमीच आवडतो, पण त्या दिवशी जरा कमी आवडला.

शुक्रवारी वास सुरू झाला. आदल्या दिवशी मागच्या सीटपाशी कैरीच्या चिकासारखा, जरासा हिरवा दरवळ होता. आता तो पिवळा झाला. बंद डिकी, डोक्यावर मे महिन्याचं ऊन, पेटीत पेंढा: आढी घालायला याहून चांगली जागा मिळणार नाही, फक्त ती आपल्याला उघडता येत नव्हती. ताई तासातासाने खाली येऊन मागचं दार उघडायची, नाक आत घालायची आणि सांगायची, "आज खाण्याजोगे आहेत." हे सांगताना ती दाजींकडे बघत नसे.

मागची सीट आडवी होत नाही. मात्र तिच्या मधोमध हात ठेवायचा जो कठडा असतो, तो खाली पाडला की मागे एक झडप निघते आणि त्यातून थेट डिकीत रस्ता जातो. तो रस्ता बर्फावर घसरायच्या लांब फळ्यांसाठी ठेवलेला असतो. आल्प्सला निघालेल्या कुटुंबाने फळ्या डिकीतून आत घ्यायच्या, मुलांनी दोन्ही बाजूंना बसायचं, अशी कल्पना. आम्ही झडप उघडली आणि समोर लाकडाच्या पट्ट्या दिसल्या. दाजींनी पेटी नेमकी झडपेला टेकवून ठेवली होती, घाटात हलू नये म्हणून.

दहा वर्षांच्या भाचीचा हात सगळ्यांत बारीक. तिने स्क्रूड्रायव्हर घालून एक पट्टी उचकटली, पेंढा ओढला आणि पहिला आंबा काढला. मग दुसरा. पुढचा तासभर बर्फाच्या फळ्यांच्या वाटेने देवगड-रत्नागिरीचा माल येत राहिला आणि सोसायटीतली पोरं तो हातोहात घमेल्यात लावत राहिली. बावन्न निघाले. उरलेले आठ तळाशी होते, तिथे तिचा हात पुरेना. दुसरी पेटी तर आणखी मागे.

तिचं डोकं त्या भोकात असताना मला जॅनेट फेनेल यांची गोष्ट आठवली. ऑक्टोबर १९९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत लुटारूंनी या बाईंना आणि त्यांच्या नवऱ्याला त्यांच्याच गाडीच्या डिकीत कोंबलं आणि गाडी घेऊन गेले. अंधारात चाचपडताना कुलपाकडे जाणारी केबल हाताला लागली, ती ओढून ते दोघं वाचले. बाईंनी मग आतून उघडणाऱ्या डिकीचा ध्यास घेतला. १९९८ च्या उन्हाळ्यात तिकडे डिकीत कोंडून अकरा मुलं दगावली, तेव्हा सरकारनेही मनावर घेतलं, आणि सप्टेंबर २००१ पासून अमेरिकेत डिकीच्या प्रत्येक नव्या मोटारीला आतून सुटका करून घ्यायची सोय सक्तीची झाली. अंधारात चमकणारी छोटीशी मूठ असते ती. दाजींच्या गाडीत तशी मूठ आहे का, हे बघायला आधी डिकी उघडायला हवी होती.

मी भाचीला झडपेतून बाहेर यायला सांगितलं. सगळं आत शिरायचा तिचा विचार दिसत होता.

शनिवारी मिस्त्री आले. हे मूळचे मर्सिडीजचे. १९९५ पासून टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात ती गाडी जुळवली जायला लागली, तेव्हापासून त्यांचा हात जर्मन पत्र्यावर बसलेला. जुन्या मर्सिडीजची कुलपं विजेवर नाही, हवेवर चालायची, हे मला त्यांच्याकडून कळलं. एक पंप, त्याच्यापासून प्रत्येक दाराकडे आणि डिकीकडे गेलेल्या बोरूएवढ्या नळ्या; पंपाने हवा ओढली-सोडली की कुलपं खालीवर. एखाद्या नळीला चीर गेली की दार उघडत नाही, नुसता उसासा ऐकू येतो. वायरच्या गाड्यांचं दुखणं बिजागरीपाशी. डिकी जितक्या वेळा उघडते तितक्या वेळा वायर तिथे वाकते, आणि एक दिवस आतली तांब्याची तार तुटते, वरचं प्लास्टिक मात्र जसंच्या तसं. हे सगळं ते स्कूटरवरून उतरता उतरता बोलत होते. स्कूटरच्या पायाशी एक बॅटरी होती.

त्यांनी डिकीकडे बघितलंसुद्धा नाही. बॉनेट उघडलं, जिथे आम्ही तिघांनी गुरुवारी डोकावून बॅटरी नाही म्हणून परत लावून टाकलं होतं, तिथे कोपऱ्यात बोट नेलं आणि काडेपेटीएवढी लाल प्लास्टिकची टोपी उचलली. खाली तांबूस खुंटी. बॅटरी मागे असलेल्या गाड्यांना पुढे हा एक खांब काढून दिलेला असतो. मागच्या बॅटरीची जाड केबल तिथवर आलेली असते. त्यांनी आणलेल्या बॅटरीची लाल केबल तिथे लावली, काळी इंजिनाजवळच्या उघड्या लोखंडाला. ठिणगी उडाली, आणि तीन दिवस मुकी असलेली गाडी बोंबलायला लागली. भोंगा, चारही दिवे, सगळं एकदम. दाजी दचकून दोन पावलं मागे गेले. मिस्त्रींनी शांतपणे आत बसून किल्ली लावून भोंगा बंद केला, पायाशी असलेलं बटण दाबलं.

टक्.

झाकण बोटभर वर आलं आणि मग दट्ट्यांवर आपोआप, सावकाश, पालखीसारखं उठत गेलं. आधी वास बाहेर आला. आता तो पिवळा राहिला नव्हता, आंबूस झाला होता. दुसऱ्या पेटीच्या तळातून रस गालिच्यात उतरला होता आणि चिलटं आम्हा सगळ्यांच्या आधी पोचली होती. झाकणाच्या आतल्या अंगाला एक चपटी पेटी, तिच्यात पाने, पकड, स्क्रूड्रायव्हर ओळीने मखमलीत बसवलेले: डिकी उघडायला लागली असती ती सगळी हत्यारं. आणि बॅटरीशेजारी, भिजू नये म्हणून दुधाच्या पिशवीत गुंडाळून, गाडीची पुस्तिका. मिस्त्रींनी लाल टोपीचं चित्र असलेलं पान काढून दाजींपुढे धरलं. चित्र मोठं होतं. मूठ मात्र नव्हती.

एवढ्यावर काम संपलं असतं, पण मिस्त्रींनी आतून दोन नट सोडवून कुलपाची नळी बाहेर काढली आणि सकाळच्या वर्तमानपत्रावर उकलली. अंगठ्याएवढा नग. आत पितळेच्या पातळ पत्र्या, नखापेक्षा लहान, प्रत्येकीला केसासारखी स्प्रिंग. किल्ली नसते तेव्हा पत्र्यांची टोकं नळीबाहेर डोकावून खोबणीत अडकलेली असतात; किल्लीच्या खाचा प्रत्येक पत्रीला हवी तेवढी आत घेतात, सगळ्यांची टोकं एका पातळीत आली की नळी फिरते. दाजींच्या कुलपात त्या सगळ्या एका तपकिरी खरवडीत रुतल्या होत्या, कढईच्या बुडाशी बसते तशी. ब्रशने पेट्रोल लावलं, खरवड सुटली, आणि एकेक पत्री टिचकन वर उडाली. तो आवाज ऐकून दाजींचा चेहरा जो उजळला, तो डिकी उघडल्यावरही उजळला नव्हता. मिस्त्रींनी पेन्सिलचं शिसं ब्लेडने खरवडून ती पूड आत फुंकली. तेल नाही घालायचं म्हणाले, धूळ धरतं. आणि महिन्यातून एकदा किल्ली फिरवायची, काम असो-नसो.

दाजी ती दर रविवारी फिरवतात. आंघोळ झाली की खाली जाऊन गाडीच्या मागे उभे राहतात, किल्ली घालतात, डावीकडे, उजवीकडे, काढतात. शेजाऱ्यांना वाटतं काही व्रत आहे. बॅटरी नवी आली. जंपर केबलही आणली; ती ठेवायची कुठे यावर घरात अर्धा तास बोलणं झालं आणि ती आता चपलांच्या कपाटात असते.

दुसऱ्या पेटीतले साठपैकी चौदा टाकावे लागले. बाकीचे, आणि पहिल्या पेटीच्या तळाशी राहिलेले आठ, त्याच दिवशी संपवायचे इतके पिकले होते. ताईने रस आटवून गच्चीवर साठं घातली. वाळलेल्या साठांची एक बरणी आमच्याकडे आली. ताई बरण्यांवर पदार्थाचं नाव आणि तारीख लिहिते, तिची जुनी सवय आहे. या बरणीवर पट्टी चिकटवून तिने एकच शब्द लिहिलाय, 'डिकी'.