सेलवरचा आकडा हेही मापच



गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला ह्यांना गरगरल्यासारखं वाटू लागलं. बीपीचं यंत्र काढलं, पट्टा बांधला, बटण दाबलं. पट्टा अर्धा फुगला आणि यंत्र बंद पडलं! आत चार नवे रिचार्जेबल सेल होते, चारच दिवसांपूर्वी पूर्ण चार्ज केलेले. वेष्टनावर ठळक अक्षरांत ३००० एमएएच. शेजारून यंत्र आणलं. ह्यांचं बीपी ठीक निघालं, माझं मात्र चढलं.

बी. कॉम. होऊन चाळीस वर्षं उलटली, पण हिशेब जुळला नाही की अजून झोप लागत नाही. एमएएच म्हणजे मिलिअँपिअर गुणिले तास. ३००० एमएएचच्या सेलमधून ५०० मिलिअँपिअर वीज घेत राहिलं, तर तो सहा तास चालायला हवा. भाच्याकडे क्षमता मोजणारा चार्जर आहे, तो मागवला. सेल पूर्ण भरले, तासभर थंड होऊ दिले आणि एक व्होल्टपर्यंत रिकामे केले. नवे सेल पहिल्या एक-दोन वेळा कमी देतात, म्हणून तीनदा मोजलं. तिसऱ्या वेळी सर्वांत चांगला सेल चालला दोन तास बारा मिनिटं. म्हणजे ११००! घरातले २००० लिहिलेले जुने सेल त्याच रीतीने मोजले, ते १९०० भरले.

आता भाव काढू. नवा सेल १०० रुपयांचा. छापील आकड्याने शंभर एमएएचला साडेतीन रुपयेसुद्धा पडत नाहीत. हातात आलेल्या मापाने तोच भाव नऊ रुपयांवर जातो. जुना सेल १५० चा, त्याचा भाव आठच्या आत. स्वस्त कुठला ठरला?

हे सांगितलं की लोक म्हणतात, "काकू, मोजण्याच्या पद्धतीत फरक पडतोच." पडतो, मान्य आहे. जोरात वीज खेचली तर सेल कमी भरतो, जुना झाला तरी कमी भरतो. दहा टक्क्यांसाठी मी भांडणार नाही. पण किलोच्या पिशवीत पावणेचारशे ग्रॅम साखर निघाली, तर त्याला कुणी पद्धतीतला फरक म्हणेल का? मुळात पेन्सिल सेलच्या आकारात, निकेल-मेटल हायड्राइड प्रकारात, २८०० च्या आसपासच मजल संपते. टॉर्चमधल्या जाड लिथियम सेलवर, ज्याला १८६५० म्हणतात, सर्रास ९९०० छापतात. चांगल्यातला चांगला तसला सेल ३५०० च्या आसपास भरतो. ही चूक नव्हे, हा ठरवून छापलेला आकडा आहे.

पॉवर बँकेचं मात्र नीट समजून घ्या. १०,००० हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. फोनला ५ व्होल्टने देताना ते ७४०० होतात, त्यातही थोडी गळती. तिथे ६००० च्या वर मिळाले तर ती फसवणूक नाही. पण हे ठळक अक्षरांत छापायला कंपन्यांचं काय जातं?

माझ्या माहेरी, सांगलीत, हळदीची पेढी होती. वजनांवर सरकारी शिक्का असे, तरी वडील रोज सकाळी तराजूची पारडी रिकामी ठेवून काटा बघत. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत हीनाधिक मानोन्मान आहे, म्हणजे देताना एक माप आणि घेताना दुसरं. सेलवरचा आकडा हे मापच आहे. तो खोटा छापणारा चोरीच करतो, आणि "स्वस्तात एवढंच मिळणार" म्हणणारे आपण त्या चोरीला अनुमोदना देतो. मीही मोठा आकडा बघूनच भुलले होते, तो लोभ माझाच.

म्हणून आता गप्प बसू नका. मसाल्याच्या काट्यावर सेल ठेवून बघा. चांगला पेन्सिल सेल २६ ते ३० ग्रॅम भरतो, फारच हलका लागला तर शंका घ्या. शक्य असेल तर मोजा, फोटो काढा, पैसे परत मागा. नाही दिले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे.

माझे चार सेल मी परत केले आणि पैसेही मिळाले. विक्रेत्याने विचारलं, "चारशे रुपयांसाठी एवढं कशाला?" त्याला म्हटलं, "चारशे रुपयांसाठी नाही रे बाबा, त्या रात्रीसाठी."